नाळेवरचे चेहरे आणि मुंबईचा साग

पहिला दिवस : ग्रिनिच

माझे वडील मुंबईच्या गोदीत सुतार होते. लायन गेटमधून सकाळी साडेसातला आत जायचे, संध्याकाळी परत आले की अंगाला तेलाचा आणि भुश्श्याचा वास असायचा. मूळ गाव विजयदुर्गाजवळ, खाडीच्या काठावर. त्यांच्या पेटीतली एकच वस्तू आता माझ्याकडे उरली आहे : घडीची लाकडी फूटपट्टी. पितळी बिजागऱ्यांची, पहिला इंच झिजून पांढरा पडलेला. मुलीकडे इंग्लंडला जायचे ठरले तेव्हा ती बॅगेत टाकली. तिथे मुंबईत बांधलेले एक जहाज दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर आहे, हे वडील अनेकदा सांगायचे. त्यांना ते पाहायला मिळाले नाही. मला पाहायचे होते. आणि जहाजाच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, कोरून बसवलेल्या लाकडी मूर्त्यांचे मला लहानपणापासून वेड असल्यामुळे वाटेवर जितक्या दिसतील तितक्या पाहत उत्तरेकडे सरकायचे, असा बेत आखला.

सुरुवात ग्रिनिचला 'कटी सार्क'पासून. १८६९ साली स्कॉटलंडमध्ये डंबार्टनला पाण्यात उतरलेले हे चहाचे जहाज आता कोरड्या गोदीत उचलून ठेवले आहे, त्यामुळे आपण थेट त्याच्या पोटाखाली फिरू शकतो. जहाजाचा सांगाडा लोखंडी, फळ्या लाकडी. पाण्याच्या वरच्या भागाला साग, खालच्या भागाला अमेरिकेतला रॉक एल्म. साग म्हटल्याबरोबर मी मुलीकडे पाहिले. ती हसली. पुढचे पाच दिवस बाबा हेच करणार, हे तिने ओळखले होते.

नाळेवर नॅनी आहे. रॉबर्ट बर्न्सच्या 'टॅम ओ'शँटर' या कवितेतली तरुण चेटकीण. आखूड कपडे घालून नाचणाऱ्या नॅनीला पाहून टॅम नको तेवढ्या मोठ्याने दाद देतो, मग ती त्याच्या मागे लागते. टॅम घोडीवरून पूल ओलांडून सुटतो, कारण चेटकिणीला वाहते पाणी ओलांडता येत नाही. तिच्या हाती लागते ते फक्त घोडीचे शेपूट. तिच्या आखूड कपड्यालाच स्कॉट बोलीत 'कटी सार्क' म्हणतात. म्हणून नॅनीचा डावा हात पुढे ताणलेला आणि मुठीत करड्या घोडीचे शेपूट. जहाज बंदरात असताना खलाशी जुन्या दोरखंडाचे सूत सोडवून तिच्या मुठीत शेपूट बांधायचे. पाणी ओलांडू न शकणारी बाई, आणि तीच चीनपासून लंडनपर्यंतचा समुद्र कापणाऱ्या जहाजाच्या सर्वांत पुढे! हे नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होते कोण जाणे, पण मला त्या ताणलेल्या हातात जहाजाचा सगळा वेग दिसला.

जहाजाच्या खालीच, गोदीच्या एका टोकाला, व्यापारी जहाजांवरच्या मूर्त्यांचा मोठा संग्रह मांडलेला आहे. ऐंशीहून जास्त. सिडनी कम्बर्स नावाच्या लंडनच्या एका व्यापाऱ्याने त्या आयुष्यभर जमवल्या आणि १९५३ साली देऊन टाकल्या, दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या व्यापारी खलाशांच्या आठवणीसाठी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आहे, डिझरायली आहे, हायावाथा आहे. आणि नावगाव नसलेल्या कितीतरी बायका, छातीवर फूल किंवा हात धरलेल्या. मालक आपल्या बायकोचा नाहीतर मुलीचा चेहरा कोरून घेत असत.

पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. समोरून, त्यांच्या उंचीवर उभे राहून पाहिले तर या मूर्त्या बेढब वाटतात. मान फार मागे, छाती फार पुढे, डोळे वाजवीपेक्षा मोठे. मग मी एका मूर्तीसमोर खाली बसलो आणि मान वर केली. सगळे जागच्या जागी आले. नाळेच्या तिरप्या लाकडाला टेकून, पुढे झुकलेल्या डोलकाठीच्या खाली ही मूर्ती बसायची आणि माणसे तिला धक्क्यावरून किंवा होडीतून खालून पाहायची. सुताराने त्या नजरेचा हिशेब करून कोरले होते. एकीच्या गालावर रंगाचा पोपडा उडालेला होता. आत रंगाचे थर कांद्यासारखे एकावर एक : गुलाबी, त्याखाली पांढरा, त्याखाली पुन्हा गुलाबी, मग लाकूड. दर फेरीनंतर कुणीतरी खलाशी डबा घेऊन तिचा चेहरा पुन्हा रंगवत असणार. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात होडीच्या नाळेला रंग देऊन, हळदकुंकू लावून हार घालतात, ते हात आठवले.

दुसरा दिवस : चॅटहम

लंडनहून आगगाडीने जेमतेम तासाभरात चॅटहम. इथल्या जुन्या सरकारी गोदीत आता संग्रहालय आहे. नेल्सनचे 'व्हिक्टरी' इथलेच, १७६५ साली पाण्यात उतरलेले. दोरखंड वळण्याची पाव मैल लांबीची इमारत आहे आणि तिथे आजही दोर वळतात. मुलगी ते पाहण्यात रमली. मी मात्र मुख्य दरवाजाच्या आतच थांबलो होतो.

तिथे 'वेलस्ली' जहाजाची मूर्ती आहे.

मराठी माणसाला हे नाव वेगळे सांगायला नको. आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८०३ च्या ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला, २३ सप्टेंबरला भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव, नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड. चार महिन्यांत दख्खनचे चित्र पालटले. असईला मी एकदा गेलो आहे. खेळणा नदीला तेव्हा गुडघाभर पाणी होते, काठावर कपाशी होती.

आणि त्याच माणसाच्या नावाचे ७४ तोफांचे जहाज कुठे बांधले? मुंबईत. १८१५ च्या फेब्रुवारीत ते आपल्या गोदीतून पाण्यात उतरले, असईनंतर साडेअकरा वर्षांनी. माझ्या वडिलांच्या गोदीतून. त्या वेळी तिथे काम करणाऱ्या सुतारांमध्ये, लाकूड तासायचा वाकस चालवणाऱ्यांमध्ये, कोकणातले आणि घाटावरचे किती असतील! त्यांच्यातल्या कुणाचे नात्यातले कुणी असईला असेल का, हा विचार मी तिथे उभा राहून बराच वेळ केला.

वेलस्लीचे नाक बाकदार आणि लांब होते, त्याचे शिपाई त्याला त्यावरूनच नाव ठेवायचे. मूर्तीकडे पाहताना माझी नजर पहिल्यांदा नाकावरच गेली. मुलीने विचारले, "बाबा, तुम्हाला राग येतोय का?" राग नव्हता. ज्या जहाजाचा हा चेहरा, ते जहाज राहिले नाही याचे वाईट वाटत होते. मुंबईच्या सागाचे ते जहाज सव्वाशे वर्षे टिकले. १८३९ साली कराची घेतली ती त्याच्याच तोफांनी. पुढे ते थेम्सवर मुलांचे प्रशिक्षण जहाज झाले आणि १९४० च्या सप्टेंबरात जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडाले. शिडाच्या काळातले मोठे युद्धजहाज, आणि ते विमानाने बुडवले. असे दुसरे उदाहरण नाही. १९४८ मध्ये वर काढून मोडले तेव्हा त्यातले काही लाकूड लंडनच्या उच्च न्यायालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीला वापरले. मूर्ती तेवढी इथे आली.

संध्याकाळी लंडनला परतल्यावर स्ट्रँडवर त्या न्यायालयासमोर जाऊन उभा राहिलो. दरवाजे बंद झाले होते. जूनचा उजेड नऊपर्यंत असतो, त्यामुळे दगडी कमानी नीट दिसत होत्या. आतल्या कुठल्या तुळईत मुंबई आहे ते बाहेरून कळणे शक्य नव्हते, तरी अर्धा तास तिथून पाय निघेना.

तिसरा दिवस : पोर्ट्समथ

मुलीला कामावर जायचे होते. इथून पुढे मी एकटा. दिवसभर पाऊस.

'वॉरियर' हे १८६० चे, संपूर्ण लोखंडी सांगाड्याचे युद्धजहाज. शिरस्त्राण घातलेला योद्धा नाळेवर आहे, पण तो मूळचा नव्हे. मूळची मूर्ती कुजून गेली, ही आयल ऑफ वाइटवर १९८० च्या दशकात नव्याने कोरलेली आहे. लोखंडी जहाजाला लाकडी योद्धा कशाला, असे तेव्हाही लोकांना वाटले असेलच. पुढे पुढे जहाजांच्या नाळा सरळ होत गेल्या, मूर्तीला टेकायला जागाच उरली नाही. १८८४ चे 'रॉडनी' हे नाळेवर मूर्ती असलेले ब्रिटिशांचे शेवटचे मोठे युद्धजहाज.

मात्र वॉरियरच्या पोटात मला हवे ते सापडले. साडेचार इंच जाडीच्या लोखंडी चिलखतामागे अठरा इंच जाडीचा लाकडी थर आहे, तोफगोळ्याचा धक्का झेलायला. ते लाकूड साग.

संध्याकाळी गाड्या बदलत प्लिमथकडे निघालो. एक गाडी रद्द झाली, एका छोट्या स्टेशनवर दोन तास बसावे लागले. मुलीने दिलेला दशमीचा डबा तिथेच संपवला.

चौथा दिवस : प्लिमथ

'द बॉक्स' नावाचे इथले संग्रहालय २०२० साली उघडले. आत शिरताच मान वर जाते आणि खाली येत नाही. छतापासून चौदा मूर्त्या अधांतरी टांगलेल्या आहेत, सगळ्या आरमारी जहाजांवरच्या. त्यांत राजा चौथा विल्यम, 'रॉयल विल्यम' जहाजावरचा. तेरा फुटांच्या आसपास उंच आणि वजन दोन टनांहून जास्त. इथले लोक त्याला 'किंग बिली' म्हणतात. उभा, नखशिखान्त कोरलेला. एवढा भार नाळेवर घेऊन जहाज चालत असेल तर प्रत्येक लाटेला नाळ किती खाली जात असेल!

म्हणूनच लाकूड बदलत गेले. जुन्या काळात मूर्तीला ओक किंवा एल्म वापरत. नंतर वजन कमी करायला पाइनकडे वळले. पाइन हलके आणि पटाशीखाली लोण्यासारखे, कापडाची चुणी किंवा केसाची बट काढायला उत्तम. एवढा मोठा एकसंध ओंडका मिळत नाही, म्हणून अनेक ठोकळे खुंट्यांनी आणि बोल्टांनी जोडून मोठा गठ्ठा करायचा आणि मग त्यातून माणूस काढायचा. कोरणाऱ्या घराण्यांनी आधी कागदावर चित्र काढून खर्चाच्या अंदाजासह आरमाराच्या अधिकाऱ्याकडे मंजुरीला पाठवायचे. मंजुरी आली की पटाशी हातात. गोदीत काम करणाऱ्या कोणाच्याही ओळखीची पद्धत.

पण पाइनची किंमत नंतर मोजावी लागली. या मूर्त्या जहाजे मोडल्यावर वर्षानुवर्षे गोद्यांच्या आवारात उघड्यावर उभ्या होत्या. सांध्यांतून पाणी आत गेले. विसाव्या शतकात काहींवर फायबरग्लासचा लेप चढवला, चांगल्या हेतूनेच, आणि आत शिरलेले पाणी आतच कोंडले गेले. बाहेरून राजा, देवी, योद्धा असे धडधाकट दिसत होते, आणि आत लाकडाचा लगदा झाला होता. दुरुस्ती करणाऱ्यांनी ध्वनिलहरींनी आतली पोकळी मोजली : खिळ्यासारखे संवेदक भोवती लावायचे, हलके ठोके द्यायचे, आवाज लाकडातून किती वेगाने पोचतो त्यावरून आतला नकाशा काढायचा. झाडे आतून पोखरली आहेत का हे पाहायची ही रीत. मग महिनोन्‌महिने वाळवण, कुजके काढणे, नवे लाकूड भरणे.

हे वाचताना मला हसू आले आणि डोळेही भरले. वडील फळी घेण्याआधी पटाशीच्या मुठीने तीन जागी ठोकायचे आणि कान लावायचे. "लाकूड नुसता डोळ्यांनी बघूचा नाय, ऐकूचा," म्हणायचे. वखारवाल्याला ते आवडायचे नाही. एकदा एका रंगवलेल्या दाराला त्यांनी नुसती टिचकी मारली आणि म्हणाले, हा आत गेलो. दार काढले तेव्हा चौकटीच्या आत चहाच्या चोथ्यासारखे काहीतरी होते.

पाचवा दिवस : प्रवास

दिवसभर आगगाडी. डॉलिशपाशी रूळ अगदी समुद्राच्या भिंतीवरून जातात. भरती होती, खिडकीवर तुषार येत होते. पुढे बर्मिंगहॅम, यॉर्क, डार्लिंग्टन. बाकी काही लिहिण्यासारखे नाही.

सहावा दिवस : हार्टलपूल

सकाळी सहाला जाग आली. संग्रहालय उघडेपर्यंत धक्क्यावर चकरा मारल्या. 'ट्रिंकोमाली'च्या तीन डोलकाठ्या लांबूनच दिसतात.

तिची गोष्ट वडिलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की ती मला बातमीसारखी सांगता येणार नाही. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमध्ये ओक कमी पडू लागला. मुंबईत मलबारचा साग होता आणि वाडिया होते. लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून आले, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मुख्य बांधकामी त्यांच्याच घरातला. कंपनीने त्यांचा गौरव करायचा तो शाल आणि चांदीची फूटपट्टी देऊन. या जहाजाचे आराखडे मुंबईकडे येत होते ते ज्या जहाजावर, ते 'जावा' १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांनी पकडले. पुन्हा नव्याने नकला काढून पाठवाव्या लागल्या. १८१६ च्या मे महिन्यात पठाण, म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, बसला, जमशेटजी बोमनजी वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरले. युद्ध तोपर्यंत संपले होते. पोर्ट्समथला गेल्यावर पंचवीसेक वर्षे ते तसेच बांधून पडले. नंतर दहा वर्षे समुद्र पाहिला, पण लढाई एकही नाही. १८९७ साली भंगारात जायच्या वाटेवर एका माणसाने विकत घेऊन, 'फूद्रॉयाँ' नाव देऊन मुलांच्या शिक्षणासाठी वापरले. १९८७ मध्ये ते इथे आले, इथल्या कारागिरांनी २००१ पर्यंत खपून ते मूळ रूपात आणले. ब्रिटनच्या तरंगत्या युद्धजहाजांत हे सर्वांत जुने.

नाळेवर पागोटे घातलेला हिंदुस्थानी पुरुष आहे.

धक्क्याच्या टोकाला जाऊन मी त्याला खालून पाहिले, ग्रिनिचला शिकलो होतो तसा. कमरेपर्यंतचाच आहे, खाली नक्षीची वेलबुट्टी होऊन तो नाळेत मिसळून जातो. पागोट्याच्या घड्या मन लावून कोरल्या आहेत. पण ती बांधणी मला ओळखीची वाटली नाही. ही कोकणातली नाही, घाटावरची नाही, वाडियांची उभी पगडी तर नाहीच. नाव श्रीलंकेतल्या बंदराचे, तिथे १७८२ साली झालेल्या आरमारी लढाईच्या आठवणीचे. जहाज मुंबईचे. आणि चेहरा कुणा एकाचा नाही. ज्याने कोरला त्याच्यासाठी तो 'पूर्वेकडचा माणूस' एवढेच. हात कसबी आहे यात शंका नाही. तरी माझ्या मनात आले, जमशेटजींचा चेहरा इथे असायला हवा होता. त्यांचे तैलचित्र ग्रिनिचच्या संग्रहात आहे, म्हणजे चेहरा ठाऊक नव्हता असेही नाही.

जमशेटजींबद्दल एक गोष्ट सांगतात. एका जहाजाच्या आत, पठाणावरच्या तुळईवर, सहज कुणाची नजर जाणार नाही अशा जागी त्यांनी इंग्रजीत कोरून ठेवले होते : हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले. त्या माणसाच्या आधी एक शिवीही होती, साहेब लोक जी वापरत तीच. बऱ्याच वर्षांनी ते जहाज दुरुस्तीला मुंबईत आले तेव्हा त्यांनी स्वतःच ते दाखवले म्हणे. कोरीवकाम जहाजाच्या पुढे सगळ्यांना दिसावे म्हणून करतात. हे मात्र आत केलेले होते.

आत गेलो. वरच्या तोफांच्या मजल्यावरून खाली, आणखी खाली, मान वाकवून. एक वयस्कर स्वयंसेवक बसले होते. बोलता बोलता कळले की ते सुतारकामातलेच, या जहाजाच्या दुरुस्तीत काही वर्षे होते. जुने कुठले, नवे कुठले, ते बोटाने दाखवत गेले. एका तुळईच्या बाजूला उथळ खवल्यांसारख्या खुणा होत्या, ओळीने, थोड्या तिरप्या. मी हात ठेवला. वाकसाच्या खुणा. घाव उजवीकडून डावीकडे उतरलेला, प्रत्येक घावात चार बोटांचे अंतर, आणि मध्येच एका ठिकाणी एक घाव चुकून खोल गेलेला. तिथे त्या माणसाचे लक्ष विचलित झाले असेल, कुणी हाक मारली असेल. अंगठा बरोबर त्या खळग्यात बसत होता.

"मुंबईचे घाव," मी म्हणालो, आणि त्यांना वडिलांबद्दल सांगितले. ते काही बोलले नाहीत. उठून त्यांनी बोटाच्या पेराने तुळईवर ठोकले, तीन जागी. आवाज घट्ट, कोरडा, तिन्ही ठिकाणी एकच. मी पण ठोकून पाहिले.

मग पिशवीतून फूटपट्टी काढली. त्यांनी ती हातात घेतली, बिजागऱ्या उघडझाप करून पाहिल्या, झिजलेल्या पहिल्या इंचावर अंगठा फिरवला आणि दुसरे टोक धरायला पुढे झाले. आम्ही दोघांनी मिळून तुळईची रुंदी मोजली. कागद जवळ नव्हता. वडील लिहायचे तसा मी आकडा डाव्या तळहातावर लिहिला.